शल्यवैद्याची प्रेरणा : पुण्याचा कुंभार आणि लंडनचा कार्प्यू

मनुष्य शल्यवैद्य का होतो, हा प्रश्न आज स्वाभाविक वाटतो. परंतु प्राचीन ग्रंथकारांनी तो या स्वरूपात विचारलेला दिसत नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील शिष्योपनयनीय अध्यायात शिष्य कसा असावा याचे तपशीलवार वर्णन आहे. त्याचे कुल, वय, शील आणि बुद्धी तर पाहावीच, पण दात, ओठ व जीभही पाहावी, असा तेथील कटाक्ष. कुलगुणांनी संपन्न असा शूद्रही मंत्र वगळून शिकवावा, असे काहींचे मत त्याच अध्यायात नोंदलेले आहे. पुढे योग्यासूत्रीय अध्यायात कोहळा, भोपळा, काकडी यांवर छेदनाचा आणि पाण्याने व चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर भेदनाचा सराव सांगितला आहे. पात्रता आणि अभ्यास यांची एवढी चिकित्सा करणारा हा ग्रंथ शिष्याला या विद्येची ओढ कशामुळे लागली, हे मात्र विचारीत नाही. पात्रता ही गुरूने पारखावयाची वस्तू होती. प्रेरणा हा शिष्याच्या मनाचा खाजगी भाग होता.

शब्दांच्या इतिहासातही हे प्रतिबिंब पडलेले आहे. संस्कृतात या विद्येचे नाव 'शल्य' म्हणजे शरीरात रुतलेले बाणाग्र किंवा परकी वस्तू यावरून पडले. उत्तरेत फारसीच्या मार्गाने रूढ झालेला 'जर्राह' हा अरबी शब्द जखमेवरून आला. इंग्रजी 'सर्जन' या शब्दाच्या मुळाशी ग्रीक 'खेइर' म्हणजे हात आणि 'एर्गोन' म्हणजे काम ही दोन पदे आहेत. पहिल्या दोन नावांत रोग्याचे दुःख आहे, तिसऱ्यात करणाऱ्याचा हात आहे. 'हस्तकर्मी' असे त्याचे सरळ मराठी होईल. लंडनमध्ये शल्यवैद्य हे न्हाव्यांच्याच संघात मोडत असत. ते वेगळे झाले १७४५ मध्ये, आणि त्यांच्या 'रॉयल कॉलेज'ला सनद मिळाली १८०० मध्ये. तेव्हा अठराव्या शतकाच्या अखेरीस एखाद्या सुशिक्षित गृहस्थाने हा व्यवसाय स्वेच्छेने पत्करणे ही काहीशी नवी गोष्ट होती. अशा एका गृहस्थाचे चरित्र पुण्याच्या इतिहासाशी अनपेक्षितपणे गुंतलेले आहे.

ऑक्टोबर १७९४ च्या 'जेंटलमन्स मॅगझिन' या लंडनच्या मासिकात बी. एल. एवढ्याच आद्याक्षरांनी एक पत्र प्रसिद्ध झाले. त्यातील हकीकत अशी. इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा 'कावसजी' नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या म्हैसूर युद्धात टिपूच्या हाती सापडला, आणि टिपूने त्याचे नाक व एक हात तोडविला. श्रीरंगपट्टणानजीक तो मुंबईच्या सैन्यास येऊन मिळाला व पुढे कंपनीचा निवृत्तिवेतनधारक झाला. वर्षाहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. नंतर पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसविले. क्रूसो आणि त्याचा एक सहकारी अशा मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली होती.

येथे दोन नावांचा विचार केला पाहिजे. 'कावसजी' हे नाव पारशी वळणाचे आहे. मराठा शेतकऱ्याला ते शोभत नाही. उलट 'कावजी' हे नाव शिवकालापासून मराठी मुलखात परिचित आहे, आणि लंडनला पोहोचेपर्यंत त्यात एक सकार शिरणे अशक्य नाही. दुसरे नाव जातीचे. इंग्रजी लेखनात ते 'कूमास' असेही छापलेले आढळते. त्यातील अंत्य सकार इंग्रजी अनेकवचनाचा, आणि दक्षिणी इंग्रजीच्या उच्चारात शब्दान्तीचा रकार लोपतो हे लक्षात घेतले म्हणजे 'कूमा'मागचा 'कुम्हार' अथवा 'कुंभार' ओळखू येतो. हे दोन्ही तर्कच आहेत. पण दुसरा पहिल्याहून अधिक भक्कम म्हणावा लागेल, कारण वीट आणि मडके एकाच मातीची आणि बहुधा एकाच हाताची.

पत्रात वर्णिलेली क्रिया मुळातच पाहण्यासारखी आहे. नाकाच्या उरलेल्या खुंटावर मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक घडवून पाहावयाचे. ते मनासारखे उतरले की तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा, त्याच्या कडेने रेषा आखावयाची आणि तेवढी कातडी सोडवून घ्यावयाची. दोन भुवयांमधली एक चिंचोळी पट्टी मात्र कापावयाची नाही. तिच्यावाटे रक्त वाहते व नवे कातडे जिवंत राहते. मग खुंटाची कड ताजी करून, कातडी अर्ध्या पिळाने खाली वळवून त्या चिरेत बसवावयाची. सांधा पक्का राहावा म्हणून पाण्यात मऊ केलेला काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या एकीवर एक ठेवावयाच्या, चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेले कापड लावावयाचे, दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहण्यासाठी मऊ चिंध्या घालावयाच्या आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापावयाची.

ही रीत सुश्रुताचीच, असे अभिमानाने सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे. सुश्रुत पानाने माप घेतो आणि कातडी गालाची घेतो. पुण्याचा कारागीर मेणाने माप घेतो आणि कातडी कपाळाची घेतो. दोन्हींत नाते असेलही, परंतु मधला दुवा ग्रंथात सापडत नाही. त्या कारागिराला संहिता वाचता येत असेल असे मानण्यास आधार नाही, आणि त्याची गरजही नाही. मेणाचे नाक आधी घडवून पाहणे ही घाट घडविणाऱ्याची रीत आहे. पातळ ओला थर न फाटता वळविण्याची सवय ज्या हाताला जन्मापासून आहे, त्याच हाताकडे हे काम असावे यात नवल ते काय! या माणसाला कशाची प्रेरणा झाली, हे विचारण्यात मात्र अर्थ नाही. त्याच्या जगात विद्या घराकडून येत असे. निवडीचा प्रसंगच उद्भवत नसे.

जोसेफ कॉन्स्टंटाइन कार्प्यू याच्या आयुष्यात निवडीखेरीज दुसरे काही नव्हते. त्याचा जन्म १७६४ मध्ये लंडनला, मूळ स्पॅनिश असलेल्या कॅथलिक घराण्यात झाला. घरच्यांनी त्याला धर्मोपदेशक करावयाचे ठरवून दुए येथील जेझुइटांच्या विद्यालयात घातले. अठराव्या वर्षी तो युरोपभर हिंडावयास निघाला; क्रांतीपूर्वीचे आणि क्रांतीनंतरचे, अशी दोन्ही पॅरिस त्याने पाहिली. मग चुलत्याचे पुस्तकाचे दुकान चालवावे असे त्याच्या मनात आले, मग वकिली करावी असे आले, आणि शेक्सपिअरच्या वेडापायी रंगभूमीवर जावे असेही आले. अखेरीस त्याने सेंट जॉर्ज रुग्णालयात शल्यविद्येचे शिक्षण घेतले. एवढी दारे ठोठावून आलेल्या माणसाला 'उपजत ओढ' होती असे म्हणणे चरित्रकाराच्या सोयीचे असले तरी खरे नव्हे.

चेल्सीच्या लष्करी रुग्णालयात त्याने बारा वर्षे काम केले आणि परदेशी जाण्यास नकार देऊन ते सोडले. त्याची खरी कीर्ती शरीररचनेचा शिक्षक म्हणून होती. खडूने फळ्यावर आकृती काढून शिकविण्यात तो निष्णात होता, आणि त्याचा स्नेह चित्रकार-शिल्पकारांशी होता. क्रुसावरील ख्रिस्ताची चित्रे शरीरदृष्ट्या खरी आहेत का, हे ठरविण्यासाठी १८०१ मध्ये त्या कलावंतांच्या इच्छेवरून फाशी गेलेल्या एका खुन्याचे प्रेत क्रुसाला ठोकून त्याचा साचा घेण्यात आला. त्यात कार्प्यूचा हात होता. प्रसंग किळसवाणा खरा. पण शरीराचा घाट कसा पडतो याविषयीची त्याची ओढ येथे दिसते, आणि मेणाच्या नाकाची हकीकत याच माणसाला का भिडली हेही कळते.

मासिकातील पत्र आणि कार्प्यूची पहिली शस्त्रक्रिया यांत वीस वर्षांचे अंतर आहे. पुण्याला दीर्घकाळ वकील असलेल्या सर चार्ल्स मॅलेटला त्याने या क्रियेविषयी विचारले, आणि ती फार पूर्वीपासून कुंभारांच्या हातची आहे अशी ग्वाही मिळविली. भारतातून परतलेल्या एका डॉक्टराने जुन्या वस्तऱ्याने, त्याची धार वारंवार लावीत, दीड तास चाललेली क्रिया पाहिल्याचे सांगितले. कार्प्यूने प्रेतांवर पुनःपुन्हा सराव केला. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने एका लष्करी अधिकाऱ्यावर ही क्रिया केली. पाऱ्याच्या औषधाने या अधिकाऱ्याचे नाक झडले होते. कार्प्यू तेव्हा पन्नाशीचा होता. गुंगीचे औषध नव्हते. ईथरचा पहिला जाहीर प्रयोग १८४६ च्या ऑक्टोबरात झाला, आणि कार्प्यू त्याच वर्षीच्या जानेवारीत वारला होता. रोग्याने सर्व जागेपणी सोसले. तिसऱ्या दिवशी पट्ट्या निघाल्या तेव्हा नाक जागच्या जागी पाहून जवळ असलेल्या त्याच्या स्नेह्याच्या तोंडून आश्चर्याचा उद्गार निघाला. दुसरा रोगी कॅप्टन लॅथम. आल्बुएराच्या १८११ च्या लढाईत तलवारीने त्याचे नाक कापले गेले होते. या दोन यशस्वी क्रियांचा वृत्तान्त कार्प्यूने १८१६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. १८१८ मध्ये बर्लिनच्या ग्रेफने आपल्या ग्रंथाला 'र्‍हिनोप्लास्टिक' हे नाव दिले. त्यातील दुसरे पद ज्या ग्रीक धातूचे आहे त्याचा अर्थ ओल्या मातीला आकार देणे असा होतो. ग्रेफच्या मनात कुंभार नव्हता. भाषेने मात्र त्याला जागा दिली.

एवंच, कार्प्यूच्या बाबतीत प्रेरणा ही शिक्षणाच्या आधी आली नाही, व्यवसायात पुष्कळ वर्षे काढल्यावर आली. आणि ती कोणा गुरूकडून न येता न पाहिलेल्या माणसाच्या कामाच्या वर्णनातून आली. त्याने आपले ऋण लपविले नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणास शोभते. परंतु ऋणकोचे नाव राहिले आणि धनकोचे गेले. पत्रलेखकाने रोग्याचे नाव दिले, साक्षीदार वैद्यांची दिली, क्रिया करणाऱ्याची फक्त जात दिली. सवाई माधवरावांच्या दरबाराची चित्रे रंगविणाऱ्या जेम्स वेल्सने कावजीचे चित्र काढले. पुण्यातच असलेल्या त्या कुंभाराचे काढले नाही.

पुढे ही क्रिया भारतात इंग्रजी वैद्यकाच्या वाटेने परत आली. जुनागढ संस्थानचे मुख्य वैद्यकीय अधिकारी त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी १८८९ मध्ये नाकाच्या शंभर शस्त्रक्रियांचा वृत्तान्त इंग्रजीत प्रसिद्ध केला. काठेवाडात कादू मकराणीची टोळी लोकांची नाके कापीत होती, आणि ती माणसे त्यांच्या दवाखान्यात येत होती.