वजनकाटा

परवा रविवारी डब्लिनहून भाच्याचा फोन आला होता. नोकरीसाठी तिकडे गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याचा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि तो तिथल्या वस्तीतल्या क्लबकडून गेलिक फुटबॉल खेळतो. मी आपलं नेहमीसारखं विचारलं, "काय रे, मॅच जिंकला का आपला पठ्ठ्या?" तर भाचा हसायला लागला. म्हणाला, "मामा, इथे बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना अजिंक्यपद वगैरे नसतंच. सगळ्यांना सारखं खेळायला मिळतं, बस्स."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो. का, ते पुढे सांगतो.

हा गेलिक फुटबॉल म्हणजे आयरिश लोकांचा घरचा खेळ. एका बाजूला पंधरा गडी, चेंडू पायाने मारा नाहीतर हाताने. १८८४ साली थर्ल्स नावाच्या गावात काही मंडळी जमली, त्यांनी संघटना काढली आणि पुढे या खेळाचे नियम लिहून काढले. राज्य इंग्रजांचं होतं, तेव्हा आपला खेळ आपण सांभाळायचा, ही त्यामागची जिद्द. आजही तिथे गडी पगारासाठी खेळत नाही, आणि सहसा ज्या गावात वाढला त्याच गावाच्या क्लबकडून खेळतो.

ओळखीचं वाटतंय ना? मला तर पदोपदी आपली कबड्डीच आठवत होती.

आपल्याकडे हाच खेळ हुतुतू म्हणून खेळला जायचा. तमिळनाडूत चेडुगुडु, बंगालात हाडुडु. नियमही गावोगाव वेगळे. संजीवनी प्रकारात समोरचा गडी बाद झाला की आपला बाद गडी जिवंत होऊन आत यायचा. गामिनीत एकदा बाद झालेला गडी बाहेरच बसायचा. अमरमध्ये बाद झाला तरी मैदान सोडायचा नाही, फक्त गुण मोजला जायचा. आज जी कबड्डी आपण बघतो ती मुख्यतः संजीवनीची लेक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आणि बडोद्याच्या मंडळींनी बसून या सगळ्याची एक घडी बसवली. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली नियम छापले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हे खेळ जगाला दाखवले. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, १९५२ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा मद्रासला झाली आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी आली. बुवा साळवींसारख्या माणसांनी यासाठी उभा जन्म घातला. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो.

पण मला बोलायचंय ते या मोठ्या इतिहासाबद्दल नाही. मला बोलायचंय किशोर आणि कुमार गटांबद्दल.

पूर्वी पंधरा-सोळा वर्षांचं पोर चपळ असलं की सरळ थोरांच्या संघात घुसायचं. समोर सत्तर-ऐंशी किलोचा गडी. त्याने मांडी धरून आपटलं की हात, खांदा, गुडघा, काहीतरी जायचंच. मग पोरांचे वेगळे गट आले आणि १९७०च्या दशकापासून त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धाही होऊ लागल्या. नुसती वयाची अट पुरेशी नव्हती, म्हणून वजनाचीही आली. किशोर गटाचं म्हणाल तर वय १६च्या आत आणि वजनही ठरलेल्या मर्यादेत. यात एक गंमत आहे. आपल्याकडे एका पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म १ जूनचा! शाळेत नाव घालताना मास्तरांनी जी तारीख टाकली ती टाकली. तेव्हा कागदावरच्या वयाचा भरवसा किती धरणार? काटा मात्र खोटं बोलत नाही. लहान पोराला मोठ्याच्या अंगाखाली चिरडू द्यायचं नाही, एवढ्याचसाठी तो काटा मैदानाच्या कडेला आला. हे ध्यानात ठेवा.

आता आमच्या भागाकडे येतो.

मी भोसरीचा. माझ्या आजोबांनी जिथे बाजरी काढली तिथे आज शेडमध्ये सीएनसी मशिन चालतात. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९६६ पासून टेल्को, आकुर्डीला बजाज. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९७२ मध्ये प्राधिकरण आलं, १९८२ मध्ये महापालिका. शिवारं गेली. पैसे मिळाले, काहींना नोकऱ्या मिळाल्या, पण गाव म्हणजे नक्की काय उरलं? भैरवनाथाची जत्रा उरली, तालीम उरली आणि देवळामागचं कबड्डीचं मैदान उरलं. कबड्डीला लागतं काय? तेरा मीटर बाय दहा मीटर जागा, फक्कीच्या रेघा आणि चौदा पोरं. जमीन गेलेल्या गावाला यापेक्षा स्वस्तात आपलं गावपण टिकवता आलं नसतं.

दुसरीकडे कारखान्यांमुळे माणसं येत होती. बीड, उस्मानाबाद, लातूर, बुलढाणा, पुढे बिहार आणि उत्तर प्रदेशही. आमच्याच वाड्यांना लागून पत्र्याच्या खोल्या पडल्या आणि आम्हीच भाडं घ्यायला लागलो. त्या खोल्यांमधली पोरं संध्याकाळी मैदानाच्या कडेला येऊन उभी राहायची. आधी नुसती बघायची. मग एखादा गडी कमी पडला की कोणीतरी हाक मारायचं.

आणि खेळ आता नुसता खेळ राहिला नव्हता. रेल्वे, पोलीस, बँका, मोठ्या कंपन्या कबड्डीपटूंना नोकरीत घेत. जिल्ह्याकडून, राज्याकडून खेळल्याचं प्रमाणपत्र म्हणजे एका घराचं नशीब. थोडक्यात, सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या मोसमावर थोरांचे डोळे लागले होते.

१९९४चा मोसम. मी बावीस वर्षांचा. सकाळी वर्कशॉपमध्ये हेल्पर, संध्याकाळी आमच्या मंडळाच्या कुमार संघाचा व्यवस्थापक. व्यवस्थापक म्हणजे काय, तर पाण्याची कळशी, चिकटपट्टी आणि टेम्पोचं भाडं सांभाळणारा. दसऱ्याला मैदानाची पूजा करून सराव सुरू झाला. त्या वर्षी आमच्याकडे एक चढाईपटू होता. नाव नाही लिहीत. बीडकडचा, वडील एका छोट्या कारखान्यात प्रेसवर. निदान रेषेपर्यंत असा जायचा की आपण फिरायला आलोय. आणि परत येताना कोणीतरी एक बाद झालेला असायचा! दिवाळीच्या सुट्टीतल्या दोन स्पर्धा आम्ही एकट्या त्याच्या जिवावर जिंकलो.

तरी मंडळात कुरबुर होतीच. "आपल्या गावची पोरं राखीव बसवून बाहेरचं पोर खेळवता?" एक वडीलधारे तर माझ्यासमोरच त्याला म्हणाले, "बाळा, हरलो तर तू गावाकडं निघून जाशील, तोंड आम्हाला दाखवायचंय." तो काही बोलला नाही. खाली बघून पायाने फक्कीची रेघ सारखी करत राहिला. ते मी पाहिलं होतं. पाहूनही मी गप्प बसलो.

मग आली जिल्ह्याची निवड चाचणी. जिंकणं-हरणं तर होतंच, पण इथूनच जिल्ह्याचा संघ निघणार होता. आदल्या रात्री किराणा दुकानातल्या काट्यावर सगळ्यांना उभं केलं. त्याचं वजन मर्यादेपेक्षा सहाशे ग्रॅम जास्त भरलं. वाढतं वय, दिवाळीचा फराळ, कशामुळे कोण जाणे.

रात्री जेवण बंद. पाणी बंद. पहाटे चारला मी त्याला उठवलं, दोन स्वेटर आणि वर रेनकोट घालायला लावला आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. तोंडात चिंच दिली, थुंकत राहा म्हटलं. सायकलवर मी मागे. मध्ये एकदा तो थांबला आणि म्हणाला, "दादा, एक घोट पाणी?" मी म्हटलं, "काट्यावरून उतरलास की हवं तेवढं पी."

वजन बसलं. आम्ही टाळ्या वाजवल्या! लागोपाठ दोन सामने आम्ही जिंकलो. उपांत्य सामन्यात दुसऱ्या डावात त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, मध्यरेषेच्या अलीकडेच तो कोसळला आणि तोंडाला फेस आला. डॉक्टरांनी सलाईन लावलं. सामना आम्ही एका गुणाने हरलो. टेम्पोत परत येताना कोणीतरी पुटपुटलं, "बाहेरचा तो बाहेरचाच." यावरही मी काही बोललो नाही.

पुढच्या मोसमात तो आला नाही. वडिलांच्याच कारखान्यात लागला, असं कळलं.

त्यानंतर मी पुष्कळदा विचार केला, की तो नाही का म्हणाला नाही? आमच्या गावच्या एखाद्या पोराने स्वेटर फेकून दिला असता, घरी जाऊन आईला सांगितलं असतं आणि वर माझीच शाळा झाली असती. त्याला ते परवडणारं नव्हतं. संघातली जागा ही त्याची या गावातली एकमेव जागा होती. पोरांना थोरांपासून वाचवायला ज्यांनी काटा आणला, त्यांच्या डोक्यातही आलं नसेल, की थोर माणूस त्याच काट्यावर पोराला पिळून काढेल.

२००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, त्याच सुमारास मी तिकडे कामाला जायचो. एका संध्याकाळी कंपनीच्या बसथांब्यावर कोणीतरी हाक मारली, "दादा!" तोच होता. चांगला सुटला होता, सोबत मुलगा. मी काय बोलावं या विचारात असतानाच तो मुलाला म्हणाला, "हे दादा. यांनी मला संघात घेतलं होतं."

बस्स, एवढंच त्याच्या लक्षात होतं. निदान त्याने बोलून तरी तेवढंच दाखवलं. मी माफी मागायला हवी होती. "पोरगा छान आहे," असं काहीतरी बोललो, आणि बस आली.

आता परिस्थिती बदलली आहे. २०१४ पासून प्रो कबड्डी आली, मॅट आल्या, टीव्ही आला. आमच्या भागातल्या संघांची यादी वाचली तर निम्मी आडनावं मराठवाड्यातली आणि विदर्भातली दिसतात, आणि कोणी नाक मुरडत नाही. हे फार चांगलं झालं. पण मागच्या हिवाळ्यात किशोर गटाचे सामने बघायला गेलो, तर सकाळी सकाळी एक पोर स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारत होतं.

मी त्याच्या व्यवस्थापकाला बाजूला घेऊन ही सगळी गोष्ट सांगितली. तो पंचविशीतला पोरगा. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, फक्त तीनशे ग्रॅम आहे हो."

असो. पुढच्या वेळी त्या पोराच्या आईवडिलांनाच गाठीन म्हणतो.