धोट्यापासून डेटापर्यंत : कुशल माणसांचा ‘तुटवडा’ तयार कोण करतो?



कल्याणच्या पुढे कर्जत मार्गावर राहणाऱ्यांना सकाळची लोकल काय चीज असते हे आम्ही सांगायला नको. मुंबई सीएसएमटीपासून उल्हासनगर ५८ किलोमीटर, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८. ठाण्याला उतरायचे, ट्रान्स-हार्बर पकडायची, ऐरोली नाहीतर घणसोलीला उतरून काचेच्या इमारतीत शिरायचे. आपल्या वस्त्यांतली बरीच मुले-मुली रोज त्या इमारतींत जातात. कशासाठी? कोणी रात्रपाळीला कॉल घ्यायला, कोणी डेटा एंट्रीला, कोणी एक्सेलमध्ये साहेबांसाठी रिपोर्ट बनवायला.

त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर बसलेल्या सल्लागार कंपनीच्या साहेबांची मात्र एक कायमची तक्रार असते. डेटा इंजिनिअर मिळत नाहीत. मिळाले तर परवडत नाहीत. परवडले तर टिकत नाहीत.

खालच्या मजल्यावर माणसे आहेत आणि वरच्या मजल्यावर माणसांचा दुष्काळ आहे. मधला जिना कुठे गेला, हा आमचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर संगणकाच्या पुस्तकात नाही, आपल्या इतिहासात आहे.

आधी हे काम काय आहे ते समजून घेऊ, कारण नावाला घाबरूनच आपली अर्धी मुले मागे हटतात. बदलापूरजवळच्या बारवी धरणाचे पाणी आपल्या पट्ट्यातल्या कारखान्यांना आणि शहरांना येते. धरणातले पाणी कोणी तसेच पीत नाही. ते उचलायचे, गाळायचे, जंतू मारायचे, टाकीत चढवायचे आणि ठरलेल्या वेळी नळाला सोडायचे. डेटा इंजिनिअर हेच करतो. बँकेच्या, दुकानाच्या, दवाखान्याच्या वेगवेगळ्या यंत्रणांतून येणारी माहिती उचलतो, तारखा-नावांचे घोळ निस्तरतो, दोनदा आलेल्या नोंदी काढतो आणि सकाळी नऊला साहेबांच्या पडद्यावर स्वच्छ आकडा दिसेल अशी व्यवस्था लावतो. रात्री तीनला जॉब फेल झाला तर उठून बघतो. काम जबाबदारीचे आहे, चिकाटीचे आहे, पण ते ब्रह्मविद्या नाही. (पाणी कोणी भरायचे आणि कोणी शिवायचेही नाही, हे ज्यांच्या आजोबांनी १९२७ साली महाडला विचारले, त्यांना पाणीवाटपाचे राजकारण नव्याने शिकवायला नको.)

आता मागे जाऊ. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार होते, पण विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. पगार तिथेच चांगला. कारण काय सांगितले जाई? धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण विणकर कसा वापरणार? म्हणजे माग चालवण्याची अक्कल आपल्या लोकांत नव्हती असे कोणी म्हणतच नव्हते. अडचण थुंकीची होती! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला आणि विणकाम खाते खुले करण्याची मागणी लावून धरली. पुढाऱ्यांनी ती नाइलाजाने घेतली. मालकांनी हात झटकले : हा अन्याय असलाच तर तो आमचा नाही. मालक म्हणतो कामगारांची रूढी, कामगार म्हणतो धर्माची रूढी, आणि दार बंद ते बंदच.

आजच्या काचेच्या इमारतीत धोटा नाही. पण ‘कल्चर फिट’ आहे, ‘कम्युनिकेशन’ आहे, ‘कुठल्या कॉलेजचा’ आहे, ‘ओळखीतून आलाय का’ आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून बघितले होते. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त तो अभ्यास छापून आला. सवर्ण हिंदू नावाच्या अर्जाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली. मुलाखतही झाली नव्हती, इंग्रजीही ऐकले नव्हते. फक्त आडनाव वाचले होते.

दुसरे पान दुसऱ्या महायुद्धाचे. तेव्हा तुटवडा खरा होता. दारूगोळ्याच्या कारखान्यांना, लष्कराच्या वर्कशॉपना फिटर, टर्नर, वेल्डर हवे होते आणि देशात ते पुरेसे नव्हते. ब्रिटिश सरकारने काय केले? ‘मेरिट नाही’ म्हणून युद्ध पुढे ढकलले का? १९४० पासून तांत्रिक प्रशिक्षणाची योजना काढली, तरुणांना विद्यावेतन देऊन काही महिन्यांत कामापुरते तयार केले, काहींना तर शिकायला विलायतेला पाठवले. गरज लागली की ‘पात्रता’ कशी पटकन घडवता येते बघा. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि हे खाते त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी सरकारला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात नोकऱ्यांतल्या जागा मागितल्याच, पण विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या आणि सरकारी छापखान्यांत, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ उमेदवारीच्या जागाही मागितल्या. १९४३ मध्ये नोकऱ्यांत ८.३३ टक्के आरक्षणाचा आदेश निघाला, १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, आणि १९४५ मध्ये मजूर खात्याखाली पुनर्वसन व रोजगाराचे महासंचालनालय उभे राहिले. रोजगार विनिमय केंद्रे आणि पुढच्या आयटीआय व्यवस्थेची मुळे तिथे आहेत.

बाबासाहेबांचे ‘शिका’ आपण भाषणात रोज म्हणतो. पण वर्कशॉपमधली शिकाऊ जागा मागणारे बाबासाहेब आपल्या भाषणांत फारसे येत नाहीत.

हा इतिहास आपल्याच पट्ट्यात दगड-विटांत उभा आहे. अंबरनाथला १९५३ च्या सुमारास आयुध निर्माणी आली, शेजारी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली. स्विस सहकार्याने उभ्या राहणाऱ्या या कारखान्याला लागणारा कारागीर बाजारात तयार मिळणार नव्हता, म्हणून जोडीला कारागीर प्रशिक्षण शाळा चालवावी लागली. यंत्राआधी माणूस घडवला. आणि कारखाना सरकारी, त्यामुळे आरक्षण लागू. आपल्या कितीतरी घरांतला पहिला टर्नर, पहिला मशिनिस्ट त्या गेटमधून आत गेला. त्याच्या पगारावर एक पिढी शिकली, बदलापूरला वन रूम-किचन घेतले. बापाला कोणी ‘अनुभव आहे का’ विचारले असते, तर आज मुलगा बीएस्सी आयटी झालाच नसता.

उल्हासनगरची गोष्ट वेगळी, पण तीही शिकण्याचीच. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये वसाहतीला उल्हासनगर नाव मिळाले. बराकींत राहून लोकांनी जे दिसेल ते बनवायला घेतले, पुढे जीन्सचा धंदा देशभर गेला. ‘मेड इन यूएसए’ची थट्टा सगळ्यांना ठाऊक आहे, पण आम्हाला त्या थट्टेत कौतुकच जास्त दिसते. डिग्री कोणी विचारली नव्हती. मात्र तिथे कसब नात्यागोत्यातून मिळत गेले. काकाच्या दुकानात पुतण्या शिकला. उघड्यावर पडलेल्या माणसांनी जगण्यासाठी लावलेली ती सोय होती, त्याला दोष देणार नाही. पण ज्यांच्या काकाचे दुकानच नाही, त्यांनी कुठे शिकायचे?

आज आपली मुले त्याचे उत्तर क्लासच्या काउंटरवर शोधतात. आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलाने आईचे दागिने गहाण ठेवून एका क्लासला पैसे भरले. शंभर टक्के नोकरीची हमी होती. शेवटी क्लासवाल्यांनी त्याला दोन वर्षांचा खोटा अनुभव रेझ्युमेत लिहायला सांगितला. तो नाही म्हणाला. दागिने अजून सुटलेले नाहीत. तुटवड्याचा खर्च असा आमच्याकडून वसूल होतो.

आणि कंपन्या काय करतात? एकमेकांची माणसे पळवतात. मार्च २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिसचा नोकरी सोडून जाणाऱ्यांचा दर २७.७ टक्के होता, टीसीएसचा १७.४. म्हणजे तयार इंजिनिअर या दारातून त्या दारात पगार वाढवत फिरत राहतो, माणसे मात्र तेवढीच राहतात. हे कंपन्यांनाही कळते. विप्रोने १९९० च्या दशकातच बीएस्सीची मुले घेऊन, काम देता देता बिट्स पिलानीची पदवी मिळवून देण्याची वाट काढली. चेन्नईच्या झोहोने बारावी-पदविकेची मुले घेऊन स्वतःची शाळा काढली. आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग २००६-०७ चा : इन्फोसिस आणि बंगळुरूच्या ट्रिपल आयटीने अनुसूचित जाती-जमातींच्या, नोकरी न मिळालेल्या सुमारे शंभर इंजिनिअरांना सात महिने शिकवले. त्यातल्या बहुतेकांना नोकऱ्या लागल्या. तीच मुले, तीच डिग्री, फक्त सात महिने दार उघडे ठेवले. मग हा प्रयोग प्रत्येक कंपनीचा नियम का झाला नाही?

पैशाचा हिशेब मांडू, कारण साहेबांना तीच भाषा कळते. समजा कंपनीने एजन्सीमार्फत २५ लाखांचा अनुभवी डेटा इंजिनिअर आणला. एजन्सीचे कमिशन साधारण एका महिन्याच्या पगाराइतके, म्हणजे ८.३३ टक्के (योगायोग बघा, १९४३ चाच आकडा!). झाले दोन लाख आठ हजार, आणि इंजिनिअरने अजून खुर्चीही गरम केलेली नाही. आता शिकाऊ पदवीधर घ्या. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन महिना ९००० रुपये ठरले होते, आणि पदवीधरांच्या राष्ट्रीय योजनेत या किमान रकमेचा निम्मा भाग केंद्र सरकार परत देते. ९००० मध्ये भाडे, डबा आणि पास भागत नाही, म्हणून आमची मागणी २० हजारांची आहे. वर्षाचे २ लाख ४० हजार, त्यातून २०१९ च्या दराने सरकारचे ५४ हजार वजा. कंपनीला पडले १ लाख ८६ हजार. नुसत्या कमिशनपेक्षा कमी!

अवजारांचाही खर्च नाही. पोस्टग्रेस, पायथन, स्पार्क, काफ्का, एअरफ्लो ही सगळी मुक्त आणि फुकट आहेत. एसक्यूएल पक्के करायला दोन-तीन महिने, मग लिनक्स-पायथन, मग एखादा क्लाउड, आणि सगळ्यात मोलाचे म्हणजे जाणत्या इंजिनिअरच्या शेजारी बसून खरा बिघडलेला जॉब दुरुस्त करणे. ते शेजारी बसणेच कुठलाही क्लास विकू शकत नाही. आणि कंपनीने बाहेर शोधायचीही गरज नाही. खालच्या मजल्यावर तीन वर्षे रिपोर्ट बनवणाऱ्या मुलीला कुठल्या ग्राहकाचा आकडा कुठे चुकतो हे आत्ताच ठाऊक आहे. तिला वर घ्या. तीही चार वर्षांनी सोडून जाईल म्हणता? जाऊ दे. दारातून रोज नवे कोणी आत येत असेल तर कोणाच्या जाण्याने काम अडत नाही.

पण ‘परवडणारे’ म्हणजे आपली मुले स्वस्तात, असा अर्थ आम्ही लावू देणार नाही. शिकाऊ उमेदवाराला कायद्याने कामगार मानलेले नाही, आणि मुदत संपल्यावर नोकरी देण्याची सक्तीही मालकावर नाही. वर्षभर राबवून बाहेर काढायचे आणि नवी तुकडी घ्यायची, हा खेळ आपल्या एमआयडीसीत आपण पाहिलेला आहे. म्हणून नोकरीत घेण्याचे धोरण आधी लेखी मागितले पाहिजे.

आता थोडे आपल्याच लोकांशी भांडतो. खासगी क्षेत्रात आरक्षण हवे, यावर आपण किती मोर्चे काढले? काढायलाच हवेत. पण शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ चे कलम ३-अ आपल्यातल्या कितीजणांनी वाचले आहे? नेमून दिलेल्या व्यवसायांतल्या शिकाऊ जागांत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवायच्या, राज्यातल्या लोकसंख्येचा विचार करून, आणि हे ‘मालकाने’ करायचे, असे ते कलम म्हणते. मालक खासगी असला तरी. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती ११.८ टक्के आहेत. आयटीआयचा ‘कोपा’, म्हणजे संगणक चालक व प्रोग्रामिंग सहायक, हा नेमून दिलेला व्यवसाय आहे. आणि २०१९ पासून ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक आहे. कायदा पुस्तकात आहे आणि आपण पोलीस भरतीच्या मैदानावर धावतो आहोत.

म्हणून या महिन्यात आम्ही माहिती अधिकाराचे अर्ज टाकत आहोत, जिल्ह्याच्या शिकाऊ उमेदवार सल्लागाराच्या कार्यालयात. प्रश्न तीनच. ठाणे जिल्ह्यात ३० पेक्षा जास्त माणसे असलेल्या माहिती-तंत्रज्ञान आणि सल्लागार आस्थापना किती नोंदल्या आहेत? त्यांनी गेल्या तीन वर्षांत किती शिकाऊ घेतले, त्यात अनुसूचित जाती-जमातींचे किती? कमी घेतले असतील तर कोणावर काय कारवाई झाली? अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्ही ठिकाणांहून वेगवेगळ्या नावाने अर्ज जायला हवेत. मसुदा तयार आहे, रविवारी वंदनेनंतर विहारात या आणि सही करा.