ललिता बाबर : मॅरेथॉन सोडून अडथळ्यांकडे

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील कमी पावसाचा पट्टा साताऱ्याच्या माण तालुक्यापासून धाराशिव जिल्ह्यातील माकणीपर्यंत पसरलेला आहे. या भागातील मुलामुलींचे धावणे सुरू होते ते कच्च्या रस्त्यावर. माणमधील मोही गावची ललिता बाबर अशाच रस्त्यावरून ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली.

२ जून १९८९ रोजी जन्मलेल्या ललिताने २००५ मध्ये पुण्यात २० वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत पहिले सुवर्णपदक मिळविले. पुढे तिला रेल्वेत नोकरी मिळाली. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे ती भारतीय महिलांत पहिली आली. नाव आणि बक्षिसे मिळू लागली असतानाच, पंचविशीच्या उंबरठ्यावर तिने तीन हजार मीटर स्टीपलचेस हा नवा प्रकार निवडला. बहुविध क्रीडास्पर्धेत देशासाठी पदक मिळवायचे, हे त्यामागचे उद्दिष्ट होते. बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह तिचे प्रशिक्षक होते.

या शर्यतीत २८ वेळा अडथळा आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. महिलांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर असते. साध्या हर्डल्सप्रमाणे हा अडथळा धक्का लागल्यावर पडत नाही. पाय अडकला तर धावपटूच कोसळते. त्यामुळे दमाइतकेच पावलांच्या अचूक मोजमापाला महत्त्व येते.

निर्णयाचे फळ लवकर मिळाले. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत तिने ९ मिनिटे ३५.३७ सेकंदांत कांस्यपदक जिंकले आणि सुधा सिंगचा राष्ट्रीय विक्रम मोडला. बहारिनची रूथ जेबेट आधी बाद ठरविली गेल्याने ललिताला काही काळ रौप्य मिळाल्यासारखे झाले होते. तो निर्णय फिरला आणि कांस्य राहिले. २०१५ मध्ये वुहान येथे ती आशियाई विजेती ठरली, तर बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत आठवी आली. त्याच वर्षी मुंबई मॅरेथॉनमध्ये तिने २ तास ३८ मिनिटे २१ सेकंद अशी वेळ नोंदविली. भारतीय महिलांचा हा स्पर्धाविक्रम २०१९ मध्ये मोडला, तो सुधा सिंगनेच.

रिओ ऑलिंपिकमध्ये १३ ऑगस्ट २०१६ रोजी ललिताने प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. इंचॉननंतरच्या दोन वर्षांत तिने १५ सेकंदांहून अधिक वेळ कमी केला होता. १९८४ मध्ये पी. टी. उषाने लॉस एंजलिस गाजविल्यानंतर ट्रॅकवरील वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. दोन दिवसांनी झालेल्या अंतिम फेरीत ती दहावी आली. त्याच वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे राज्य शासनाने तिची उपजिल्हाधिकारी पदावर नियुक्ती केली. तिचा राष्ट्रीय विक्रम २०२३ मध्ये बुडापेस्ट येथे पारुल चौधरीने मोडला.

पुरुषांमध्ये याच प्रकारात नाव कमावणारा अविनाश साबळे हाही दुष्काळी भागातलाच, बीड जिल्ह्यातील मांडव्याचा. तोही लष्करात दाखल झाल्यानंतरच स्टीपलचेसकडे वळला. ललिता आणि अविनाश, दोघांच्याही पाठीशी नोकरी आणि संस्था उभी राहिली, तेव्हा हा प्रकार त्यांच्या आवाक्यात आला. दम रस्त्यावर धावून कमावता येतो; पण पाण्याचा खड्डा ओलांडायला शिकायचे तर तशी सोय असलेले मैदानच लागते. मोही किंवा माकणीसारख्या गावातील मुलीला ते पंचविशीऐवजी पंधराव्या वर्षी मिळाले, तर ती कुठवर जाईल, हा प्रश्न ललिताची कारकीर्द मागे ठेवून जाते.