क्रॉफर्ड प्रकरणांतील साक्षीदार आणि सरकारचें अभयवचन

क्रॉफर्ड प्रकरणाची हकीकत महाराष्ट्रांतील इतिहासप्रेमी वाचकांस अपरिचित नाहीं. लोकमान्य टिळकांच्या चरित्रांत तिला स्थान मिळतें. शाळेच्या पुस्तकांत क्वचित् एखादी ओळही येते. परंतु ज्या अधिकाऱ्यावर आरोप आला त्याच्याभोंवतींच ही हकीकत फिरते. ज्यांनीं त्याच्याविरुद्ध तोंड उघडलें त्यांचें पुढें काय झालें, हा प्रश्न मागें पडतो. प्रस्तुत लेखांत त्याच प्रश्नाचा विचार करण्याचें योजिलें आहे.

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हा १८६५ सालीं मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला. मुंबईच्या मोठ्या मंडईस त्याचेंच नांव दिलें गेलें; तिला पुढें महात्मा फुल्यांचें नांव मिळालें. कर्तबगार, परंतु खर्चिक व कर्जांत बुडालेला, अशी त्याची ख्याति होती. पुढें मध्यभागाचा कमिशनर म्हणून तो पुण्यास आला, तेव्हां अनेक जिल्ह्यांतील मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या यांवर त्याचा शब्द चालूं लागला. हणमंतराव नांवाच्या हस्तकामार्फत या शब्दाची किंमत मोजून घेतली जाते, असा बोभाटा झाला. कोणी बढतीच्या आशेनें पैसे दिले, कोणी केवळ बदलीच्या धास्तीनें दिले.

येथें साहजिकच शंका येते कीं, मामलेदार हा तालुक्याचा अधिकारी, त्याला दंडाधिकाऱ्याचे अधिकार. त्यानें तक्रार कां केली नाहीं? उत्तर सोपें आहे. तक्रार वर जावयाची तर ती कमिशनरच्याच वाटेनें जाणार. आणि त्याच कमिशनरच्या हातीं तक्रारदाराची भाकरी. शिवाय लांच देणें हेंही गुन्ह्यास साह्य करणेंच असल्यामुळें, जो बोलेल तो प्रथम स्वतःस गोंवून घेईल. एका बाजूस वरिष्ठाचा रोष आणि दुसऱ्या बाजूस कायद्याचा बडगा, अशा कात्रींत सांपडलेला मनुष्य गप्प बसला तर त्यांत नवल नाहीं.

ही कात्री १८८८ सालीं मुंबई सरकारनें उघडली. लॉर्ड रे हे त्या वेळीं गव्हर्नर होते. चौकशीचें काम पोलिसचे इन्स्पेक्टर-जनरल ऑमनी यांजकडे सोंपविण्यांत आलें. आणि जो खरें सांगेल त्याजवर खटला होणार नाहीं, त्याच्या नोकरीसही धक्का लागणार नाहीं, असें वचन देण्याची त्यांस मुभा मिळाली. या वचनावर विसंबून मामलेदार पुढें आले. हणमंतरावास शिक्षा झाली. क्रॉफर्डच्या चौकशीसाठीं कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ति विल्सन यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन बसलें.

कमिशनच्या निर्णयानें मात्र विलक्षण प्रसंग ओढवला. लांच घेतल्याचा आरोप कमिशनच्या मतें शाबीत झाला नाहीं; हाताखालच्या मुलुखांतील लोकांकडून नियमाविरुद्ध कर्जें घेतल्याचें तेवढें शाबीत झालें. मुंबई सरकारास हा निर्णय पटला नाहीं. शेवटीं स्टेट सेक्रेटरी लॉर्ड क्रॉस यांनीं लांचलुचपतीच्या आरोपांतून क्रॉफर्डची मुक्तता मान्य केली, आणि कर्जाच्या कारणावरून त्यास नोकरींतून दूर केलें. म्हणजे घेणाऱ्यानें घेतलें हें सिद्ध झालें नाहीं. परंतु देणाऱ्यांनीं दिलें हें त्यांच्याच मुखांतून कागदावर उतरलें. आणि तें त्यांनीं उच्चारलें होतें तें सरकारच्या शब्दावर भरंवसून!

आतां तोफांचीं तोंडें फिरलीं. पैसे देऊन अधिकार मिळविल्याची कबुली देणारे न्यायासनावर कसे बसूं शकतात, असा ओरडा अँग्लो-इंडियन पत्रांत झाला. पार्लमेंटांतही प्रश्न निघाले. अधिकारपदांच्या विक्रीविरुद्ध १८०९ सालीं झालेला इंग्लंडचा कायदा पुढें करण्यांत आला. कायदा मोडून वचन देण्याचा अधिकार मुंबई सरकारास होता काय, असा हा पेंच होता.

हा आक्षेप अगदींच पोकळ होता असें म्हणतां येत नाहीं. लांच देऊन बढती मिळविणारा दंडाधिकारी रयतेस कोणत्या तोंडानें न्याय देणार? परंतु हा विचार वचन देण्यापूर्वीं करावयाचा होता. साक्ष पदरांत पडल्यावर साक्षीदाराची नीति तपासावयास बसणें, हा व्यवहार कोणत्याही राज्यास शोभत नाहीं. टिळकांनीं नेमक्या याच मुद्द्यावर भर दिला. १ सप्टेंबर १८८९ रोजीं पुण्यांत जाहीर सभा भरली आणि सरकारनें दिलेला शब्द पाळावा अशी मागणी झाली. त्याच सालीं कायदा होऊन साक्षीदारांस खटल्यांपासून संरक्षण मिळालें. नोकरीचें वचन मात्र सर्वांच्या बाबतींत टिकलें नाहीं. जुलमास बळी पडून पैसे देणारे आणि आपण होऊन देणारे असा भेद करून, कांहीं मामलेदारांस पदावरून काढण्यांत आलें.

हें प्रकरण वाचतांना अर्थशास्त्रांतील एक स्थळ आठवतें. अपहार करणाऱ्या अधिकाऱ्यांचा विचार करतांना कौटिल्य सांगतो कीं, अमुक अधिकाऱ्याकडून ज्यांची हानि झाली असेल त्यांनीं कळवावें, अशी त्याच्या मुलुखांत दवंडी द्यावी. आणि जे कळवितील त्यांची हानि भरून द्यावी. अपहाराची खरी वर्दी देणारास तो हिस्साही ठरवून देतो. खोट्या वर्दीस दंड सांगतो. कौटिल्य कांहीं दयाळू शास्त्रकार नव्हे. तरीही बोलणाऱ्याची भरपाई त्यानें आगाऊच लिहून ठेविली, कारण त्यावांचून कोणी बोलणार नाहीं हें तो जाणत होता. हा ग्रंथ शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला. १८८९ च्या पुण्यांतील वादांत तो कोणाच्या हातीं नव्हता.

पोलिसांविरुद्ध गाऱ्हाणें पोलिसांकडेच न्यावें लागूं नये, यासाठीं स्वतंत्र तक्रार प्राधिकरणें स्थापावीं, असा आदेश आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं प्रकाश सिंह यांच्या खटल्यांत दिला. प्रश्न जुनाच आहे, हें यावरून दिसतें. तक्रारदारावरील सूड ज्याच्यावर आरोप असतो त्याच्याच हातून येतो असें नाहीं. क्रॉफर्ड तर गेला होता. मामलेदारांवर घाव आला तो नियमाच्या नांवानें, आणि त्यांना बोलावयास लावणाऱ्या राज्ययंत्राकडून. अभय देणाऱ्याच्या अंगीं तें पाळण्याची शक्ति आहे कीं नाहीं, हें पाहण्याचें साधन भयभीत मनुष्याजवळ नसतें. म्हणून तें पाहण्याची जबाबदारी अभय देणाऱ्याचीच ठरते. मुंबई सरकारनें ती पाहिली नाहीं. त्या चुकीची किंमत दिली ती मात्र साक्षीदारांनीं.