टर्बो डिझेलचे ‘हेड’ बदलताना

मोटार तापली, पाणी उकळले आणि गॅरेजमधून ‘हेड गेले’ असा निरोप आला, की वाहनधारक पहिला प्रश्न विचारतो तो किमतीचा. खरे तर कोणते हेड घ्यावे, हा प्रश्न त्याआधीचा आहे. तो चुकला तर इंजिन दुसऱ्यांदा उघडावे लागते आणि मजुरीचा भुर्दंडही दुसऱ्यांदा बसतो.

फियाटच्या १२४८ सीसी मल्टिजेट इंजिनाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. पुण्याजवळच्या रांजणगावात आणि हरियाणातील मानेसरला तयार झालेले हे डिझेल इंजिन स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा अनेक मोटारींत बसले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानके लागू झाली, तेव्हा भारतात ते थांबले. मात्र या मोटारी अजूनही रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या सुट्या भागांचा बाजारही तेजीत आहे.

या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. टर्बोचार्जर सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो, त्यामुळे ज्वलनाचा दाब वातावरणाच्या शंभरपटीहून अधिक होतो. अशा वेळी कूलंट कमी पडले तर हेड वाकते किंवा दोन वाल्व्हच्या बैठकींमधील अरुंद भागात तडा जातो.

जुने हेड टाकण्यापूर्वी मशीन शॉपमध्ये त्याची परीक्षा करून घेणे शहाणपणाचे. सपाट पट्टी आणि फिलर गेजने बाक कळतो. पाण्याच्या वाटा बंद करून हवा भरलेले हेड गरम पाण्यात बुडवले की तड्यातून बुडबुडे येतात. थंड पाण्यात हीच तड कित्येकदा लपून राहते. ‘घासून सपाट करून देतो’ हे आश्वासन मात्र सावधपणे ऐकावे. अनेक नव्या डिझेल इंजिनांत हेड घासण्यास उत्पादकाचीच मनाई असते, कारण त्याने वाल्व्ह पिस्टनच्या अधिक जवळ येतात.

मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या बाजारात स्वस्त हेड मिळते, हे खरे. पण ते ज्या मोटारीतून निघाले, ती कशामुळे भंगारात गेली हे कोण सांगणार? एकदा अतितापलेल्या ॲल्युमिनियमचा कठीणपणा उतरतो. असे हेड दिसायला निर्दोष असते. बोल्ट आवळल्यावर गॅस्केटखाली दबते आणि काही महिन्यांत पुन्हा गळू लागते. म्हणून जुन्या हेडसाठी दाबचाचणीबरोबर कठीणपणाची चाचणीही हवी. विक्रेता त्यासाठी हेड देण्यास तयार नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

नव्या हेडमध्येही ‘कोरे’ आणि ‘पूर्ण’ असे दोन प्रकार असतात. कोऱ्या हेडमध्ये जुने वाल्व्ह आणि स्प्रिंगा बसवाव्या लागतात. हे भाग झिजलेले असतील आणि बसवणारा हात सराईत नसेल, तर किमतीतील बचत फसवी ठरते. लाखावर किलोमीटर धावलेल्या मोटारीला पूर्ण हेडच बरे. ‘तेराशेचे डिझेल’ एवढ्या ओळखीवर मात्र खरेदी करू नये. हेच इंजिन ७५ आणि ९० अश्वशक्तीच्या रूपांत, वेगवेगळ्या टर्बोंसह आले. शिवाय प्रदूषणाची मानकेही मधल्या काळात बदलली. चेसिस क्रमांकावरून भागाचा क्रमांक काढावा आणि जुन्या हेडशी भोके, वाटा ताडून पाहाव्यात.

गॅस्केट हा स्वतंत्र विषय आहे. पिस्टन ब्लॉकच्या पातळीवर किती येतो, हे मोजून त्याची जाडी निवडली जाते. दुकानात असेल ते लावणे हा निव्वळ जुगार. हेडचे बोल्ट आवळताना ताणले जातात, त्यामुळे तेही नवे घ्यावेत.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, तो तेलाच्या पातळ थरावर. तेलात कूलंट मिसळले असेल, तर हेड बसवण्यापूर्वी टर्बोची तपासणी आणि तेलवाटांची सफाई झालीच पाहिजे. त्याबरोबर रेडिएटर, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप आणि पंख्याचा स्विच पाहावा. मोटार तापली ती बहुधा यांपैकी एकामुळे, आणि ते कारण तसेच राहिले तर नवे हेडही त्याच वाटेने जाते.