‘फेल’ म्हणजे नेमकं काय? चुकांना नावं देण्याचा इतिहास आणि आपला बीड जिल्हा

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, सवडीने वाचा. सुरुवातीला विषय कॉम्प्युटरचा वाटेल, पण शेवटी तो रेशनच्या पिशवीपाशी येतो.

रेशन दुकान असो, बँकेचा मिनी काउंटर असो की ऑनलाइन सेवा केंद्र, आपल्याकडे तीन वाक्यं सगळ्यांना पाठ आहेत. ‘सर्व्हर डाउन आहे’, ‘फेल दाखवतंय’ आणि ‘उद्या या’. ऐकणाऱ्याला वाटतं, यंत्रालाच यापेक्षा जास्त काही कळत नसेल. तसं नाही. काम कशामुळं अडलं हे यंत्राला बहुतेक वेळा नेमकं माहीत असतं, आणि ते सांगायची पद्धत पन्नासेक वर्षं जुनी आहे.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची प्रणाली उभी करायला घेतली. तिच्यातली एक व्यवस्था आपल्याला पटकन समजेल, कारण ती तहसील कचेरीसारखी आहे. कुठलाही प्रोग्राम स्वतःच्या हातानं फाइल उघडू शकत नाही की नेटवर्कवर बोलू शकत नाही. त्यानं ‘कर्नल’ नावाच्या मुख्य साहेबाकडं अर्ज करायचा, हे उघडून द्या, ते लिहून घ्या. या अर्जाला म्हणतात सिस्टिम कॉल. साहेब एकतर काम करतो, नाहीतर अर्ज फेटाळतो. फेटाळला तर कारणाचा क्रमांक द्यायचा, हा तिथला दंडक.

१९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत अशी १ ते ३४ कारणं होती. क्रमांक १, तुला हे करायचा अधिकार नाही. क्रमांक २, अशी फाइलच नाही. क्रमांक १३, फाइल आहे पण तुला परवानगी नाही. क्रमांक २८, जागा संपली. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्स सुरू केलं, त्यातही हेच क्रमांक याच अर्थानं आले आणि आजही तेच आहेत. आज जगातले बरेचसे सर्व्हर लिनक्सवर चालतात. म्हणजे ज्याला आपण ‘डाउन’ म्हणतो, त्या सर्व्हरच्या पोटात बहुधा ही यादी असतेच.

पण कारण दिलं जात असलं तरी ते बघायचं कुणी? प्रोग्राम लिहिणारा आळशी असेल तर आलेला क्रमांक गिळून टाकतो आणि पडद्यावर नुसतं ‘काहीतरी चुकलं’ असं दाखवतो. म्हणून आवक-जावक रजिस्टर ठेवणारा कारकून लागतो. तो कारकून म्हणजे ‘एसट्रेस’. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालवायचं हे हत्यार आहे. प्रोग्रामनं कोणते अर्ज केले आणि साहेबानं काय उत्तर दिलं, हे ते ओळीओळीनं लिहून काढतं.

पॉल क्रॅननबर्ग यांनी ते आधी सनओएस या प्रणालीसाठी लिहिलं. त्यांच्या १९९१ च्या आवृत्तीवरून ब्रँको लँकेस्टर यांनी ते लिनक्सवर आणलं. १९९३ मध्ये रिक स्लॅडकी यांनी दोन्ही धारा एकत्र केल्या. पुढं विचर्ट ॲकरमन, मग रोलंड मॅक्ग्रा आणि २००९ पासून दिमित्री लेविन अशा हातांनी ते सांभाळलं. पस्तीसेक वर्षं एकाकडून दुसऱ्याकडं चालत आलेलं हे काम. आपल्याकडं दिंडी चालते तसं म्हणा.

रजिस्टर आलं तरी एक अडचण राहतेच. एक साधा प्रोग्राम सुरू झाला तरी शेकडो ओळी पडतात, त्यात आपली चूक शोधायची कशी? शिवाय फेटाळलेला प्रत्येक अर्ज म्हणजे बिघाड असतो असंही नाही. प्रोग्राम एखादी फाइल चार ठिकाणी शोधतो. तीन ठिकाणी ‘अशी फाइल नाही’ असं उत्तर येतं, चौथ्या ठिकाणी ती सापडते. जुनी नक्कल तलाठ्याकडं नसली तर आपण तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जातो, तसंच. हे तीन नकार निरुपद्रवी असतात. ‘परवानगी नाही’ हा नकार मात्र सगळं काम बंद पाडू शकतो. म्हणून चाळणी लागते, आणि तीही प्रकारानुसार.

२०१९ साली एसट्रेसमध्ये निकालानुसार निवड करायची सोय आली. नुसते यशस्वी कॉल दाखव, नुसते फसलेले दाखव, किंवा जे पूर्णच झाले नाहीत ते दाखव. याच कुळातलं ‘सिसकाउंट’ नावाचं दुसरं हत्यार आणखी पुढं जातं. त्याला चुकीचं नाव सांगितलं की तेवढ्याच प्रकारच्या चुका ते मोजून देतं. ‘फाइल नाही’ किती वेळा, ‘परवानगी नाही’ किती वेळा, सगळं वेगवेगळं.

यात एक प्रामाणिकपणाची गोष्ट आहे. एसट्रेसच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की निकालावरून चाळायचं तर निकाल येईपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळं छापलेल्या ओळींचा क्रम प्रत्यक्ष घटनांच्या क्रमापेक्षा वेगळा असू शकतो. चाळणी लावली की काय हरवतं, हेसुद्धा सांगून ठेवलंय. आपल्या किती सरकारी अहवालांत अशी ओळ सापडते?

आता या आपल्या घरी.

२९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. या आधारच्या पडताळणीतही नकाराला क्रमांक असतो. ३०० म्हणजे बोटांचे ठसे किंवा बायोमेट्रिक जुळलं नाही. ३३० म्हणजे कार्डधारकानं स्वतःच बायोमेट्रिक लॉक केलंय. ४०० म्हणजे ओटीपी चुकला. ५६१ म्हणजे विनंतीची मुदत टळून गेली, पाठवलेल्या माहितीवरची वेळ जुनी निघाली.

चारही वेळा काउंटरवर शब्द एकच, ‘फेल’. इलाज मात्र चार. ३०० आला तर दुसरं बोट लावून बघायचं, डोळ्यांची बुबुळं वापरायची, नाहीतर आधार केंद्रात जाऊन ठसे नव्यानं द्यायचे. ३३० आला तर लॉक काढायचं. ४०० आला तर नवा ओटीपी. आणि ५६१ आला तर समोर उभ्या बाईचा काडीचाही दोष नाही, मशीनचं घड्याळ आणि नेटवर्क तपासायचं.

धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा, केज इकडून दिवाळीच्या आसपास कोयते कारखान्यांकडं निघतात. चार-पाच महिने ऊस तोडून, मोळ्या बांधून हाताच्या रेघा झिजतात. अशा बाईचा अंगठा जुळला नाही तर तिला ३०० चा इलाज हवा. तिला ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ असं सांगितलं तर ती उद्या येईल, परवा येईल, दर खेपेला रोज बुडवून येईल आणि अंगठा तरीही जुळणार नाही. चुकीचं नाव दडवलं की त्याची किंमत अशी वसूल होते, आणि ती कायम अलीकडच्या माणसाकडूनच होते.

आधार जुळलं नाही एवढ्या कारणावरून खऱ्या लाभार्थ्याचं धान्य अडवू नये, अशा केंद्राच्या सूचना २०१७ पासून आहेत. पण सूचना वापरायची तर अडलं कशामुळं हे आधी कळलं पाहिजे.

म्हणून सांगणं एवढंच. ‘फेल’ ऐकून परत फिरू नका. ‘एरर कोड काय आला?’ एवढं विचारा आणि तारीख, वेळ टाकून लिहून ठेवा. अर्ज नाकारला असेल तर लेखी कारण मागा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा असेल तर नाकारण्याचं कारण लेखी देणं बंधनकारक आहे, आणि त्यावर अपीलही करता येतं.

ग्रामसभेत आणि माहिती अधिकारात एक प्रश्न टाकून बघा. गेल्या वर्षभरात आपल्या गावात किती पडताळण्या फसल्या, आणि त्यातल्या कोणत्या कोडच्या किती? एकूण आकडा ऐकून समाधान मानू नका. एकूण आकड्यात झिजलेला अंगठा आणि बिघडलेलं मशीन एकाच रकान्यात बसतात, मग दोघांचाही इलाज होत नाही.

ज्यांनी यंत्रं घडवली त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी ठरवलं की नकार दिला तर कारण द्यायचं. यंत्र तो नियम आजही पाळतंय. काउंटरवरच्या माणसानं तो पाळावा एवढीच आपली मागणी.

तुमच्या गावात ‘फेल’च्या मागं कोणता कोड निघाला, कमेंटमध्ये लिहा. आधार नंबर मात्र लिहू नका, फक्त कोड. दहा गावांचे कोड जमले तरी तालुक्याला निवेदन द्यायला पुरेसे आहेत.