पुसलेल्या सीमारेषेचे धडे

शाळकरी मुलाला आपल्या देशाची पहिली ओळख होते ती भिंतीवरच्या नकाशातून. भूमध्य समुद्र आणि जॉर्डन नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात मात्र दोन नकाशे टांगलेले असतात आणि दोन्हींत शेजारी सापडत नाही. येल विद्यापीठाचे ब्रूस वेक्सलर, तेल अवीव विद्यापीठाचे डॅनियल बार-ताल आणि बेथलेहेम विद्यापीठाचे सामी अदवान यांनी इस्रायली आणि पॅलेस्टिनी पाठ्यपुस्तकांची एकत्रित तपासणी केली. तिचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. इस्रायलची ७४ आणि पॅलेस्टिनींची ९४ पुस्तके त्यासाठी वाचली गेली. पॅलेस्टिनी पुस्तकांतील अवघ्या ४ टक्के नकाशांत इस्रायलचे नाव किंवा १९४९ची युद्धबंदी रेषा आढळली, तर इस्रायली पुस्तकांतील ७६ टक्के नकाशांत दोन प्रदेशांमध्ये कोणतीही सीमा दाखवलेली नव्हती.

याच अहवालाचा दुसरा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटला. समोरच्याला पशू वा राक्षस ठरवणारा मजकूर दोन्हीकडे क्वचितच आढळतो, असे संशोधकांनी नोंदवले. दोष वेगळा होता. आपला समाज सदैव बळी आणि समोरचा सदैव आक्रमक, ही मांडणी दोन्हीकडे होती. पॅलेस्टिनी आणि इस्रायलमधील कर्मठ धार्मिक शाळांच्या पुस्तकांत ती अधिक ठळक होती, तर इस्रायलच्या सरकारी शाळांत तुलनेने सौम्य. आपल्याच बाजूच्या चुकांची कबुलीही या सरकारी पुस्तकांत अधिक सापडली. तरीही इस्रायलच्या शिक्षण मंत्रालयाने अहवाल पक्षपाती ठरवून फेटाळला. पॅलेस्टिनी पंतप्रधान सलाम फय्याद यांनी मात्र त्याचे स्वागत केले.

या वादाची मुळे जुनी आहेत. १९६७ पूर्वी वेस्ट बँकमधील मुले जॉर्डनची, तर गाझातील मुले इजिप्तची पुस्तके वाचत. त्या वर्षीच्या युद्धानंतर इस्रायलचा ताबा आला, तरी पुस्तके तीच राहिली; फक्त आक्षेपार्ह वाटलेल्या मजकुरावर कात्री चालली. ऑस्लो करारानंतर १९९४ मध्ये शिक्षणखाते पॅलेस्टिनी प्रशासनाकडे आले, आणि पहिली व सहावीची स्वतःची पुस्तके मुलांच्या हाती पडायला २००० साल उजाडले. त्याच सप्टेंबरात दुसरा इंतिफादा पेटला. पुस्तकांना दोष देण्यास यापेक्षा सोयीचा मुहूर्त सापडला नसता.

जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाचे नॅथन ब्राऊन यांनी या नव्या पुस्तकांचा अभ्यास केला. पॅलेस्टिनी पुस्तके म्हणून जगभर फिरवले गेलेले अनेक जहाल उतारे प्रत्यक्षात जुन्या जॉर्डेनियन व इजिप्शियन पुस्तकांतील असल्याचे त्यांनी दाखवून दिले. नवी पुस्तके राष्ट्रवादी होती, पण इस्रायलविषयी ती बहुतांशी गप्पच होती. देशाच्या सीमाच ठरलेल्या नसताना भूगोलाचा धडा कसा लिहावा, ही लेखकांची अडचण होती. अर्थात, मौन हेही एक शिकवणे असतेच.

२०१६ पासून आणलेल्या सुधारित पुस्तकांवर टीकेचा सूर पुन्हा चढला. युरोपीय संघाने जर्मनीच्या गेऑर्ग एकर्ट संस्थेकडून १५६ पुस्तके व १६ शिक्षक-मार्गदर्शिका तपासून घेतल्या. जून २०२१ मधील त्या अहवालाने मानवी हक्कांवरील भराची दखल घेतली. पण काही पाठांत ज्यूद्वेषी प्रतिमा आणि हिंसेचे उदात्तीकरण असल्याचेही स्पष्ट म्हटले. १९७८ च्या बस अपहरणातील दलाल मुगराबी हिला आदर्श म्हणून पुढे ठेवणे हे त्यातील बहुचर्चित उदाहरण. त्या हल्ल्यात मुलांसह अनेक नागरिक मारले गेले होते. शाळकरी मुलीपुढे ठेवायला दुसरी कर्तबगार स्त्री सापडू नये, याचे समर्थन करणे कठीण आहे.

इस्रायलमधील भांडण अधिक उघडपणे, म्हणजे मंत्रिमंडळाच्या पातळीवर चालते. शिक्षणमंत्री बदलला की इतिहासही थोडा सरकतो. लिमोर लिवनात यांनी २००१ मध्ये इतिहासाचे एक नवे पुस्तक शाळांतून मागे घेतले. युली तामिर यांनी डिसेंबर २००६ मध्ये नकाशांत १९४९ ची रेषा छापण्याचे आदेश दिले, तेव्हा मोठा गदारोळ उठला. पुढच्याच वर्षी त्यांनी अरब विद्यार्थ्यांच्या तिसरीच्या पुस्तकात ‘नकबा’ हा शब्द येऊ दिला. १९४८ च्या युद्धाला इस्रायली स्वातंत्र्ययुद्ध म्हणतात. ज्यांच्यातील सुमारे ७ लाख लोक घरादाराला मुकले, ते पॅलेस्टिनी त्याला ‘नकबा’, म्हणजे महासंकट, म्हणतात. २००९ मध्ये गिडॉन सार मंत्री झाले आणि तो शब्द पुन्हा वगळण्यात आला. हिब्रू पुस्तकांत तो आलाच नव्हता.

हिब्रू विद्यापीठाच्या नुरित पेलेद-एल्हनान यांचा आक्षेप याहून खोल आहे. इस्रायली पुस्तकांत पॅलेस्टिनी माणूस निर्वासित, मागास शेतकरी किंवा दहशतवादी म्हणून दिसतो. डॉक्टर वा शिक्षक म्हणून नाही, असे त्यांनी २०१२ च्या आपल्या ग्रंथात मांडले. त्यांच्या देशात या मांडणीवर एकांगीपणाची टीका झाली. मात्र १९९७ मध्ये जेरुसलेमच्या आत्मघाती स्फोटात १३ वर्षांची मुलगी गमावलेल्या या आईला शत्रूची हस्तक म्हणणे सोपे नव्हते.

पुस्तके खरोखर किती घडवतात, हा प्रश्न मात्र राहतोच. बहुतेक अहवाल पानांवर काय छापले आहे ते मोजतात; मुलाच्या मनात काय उतरले ते मोजत नाहीत. हेब्रॉनचे मूल शाळेच्या वाटेवर लष्करी चौकी पाहते. स्देरोतचे मूल भोंगा वाजला की आसऱ्याकडे धावते. धडा त्यानंतर येतो. तो या अनुभवाला नाव देतो, आणि म्हणूनच ते नाव काय असावे यावर एवढा झगडा होतो.

या झगड्यातून वाट काढण्याचा एक प्रयत्न सामी अदवान आणि इस्रायली मानसशास्त्रज्ञ डॅन बार-ऑन यांनी केला. नाझी अधिकाऱ्यांची मुले आणि छळछावण्यांतून वाचलेल्यांची मुले यांना समोरासमोर बसवणारे हेच ते बार-ऑन. दोन्हीकडच्या इतिहास शिक्षकांना एकत्र आणून दुसऱ्या इंतिफादाच्या ऐन धगीत त्यांनी पुस्तिका लिहून घेतली; ती २००३ मध्ये निघाली. एक सामाईक इतिहास लिहिणे शक्य नाही, हे त्यांनी आधीच मान्य केले होते. त्यामुळे पानाच्या एका बाजूला इस्रायली कथन, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी. बाल्फोर जाहीरनामा, १९४८, १९८७ चा इंतिफादा, सारे याच रीतीने.

कोणत्याच सरकारने ती स्वीकारली नाही. बार-ऑन २००८ मध्ये निवर्तले. २०१० मध्ये गाझा सीमेलगतच्या शार हानेगेव्ह शाळेला ही पुस्तिका वापरण्यास इस्रायली मंत्रालयाने मनाई केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच परिसरावर हमासचा हल्ला झाला आणि त्यानंतरच्या युद्धात गाझातील ६ लाखांहून अधिक मुलांची शाळा बंद पडली.

त्या पुस्तिकेच्या प्रत्येक पानावर दोन कथनांच्या मध्ये एक रुंद पट्टी कोरी सोडलेली आहे. विद्यार्थ्याने तिथे स्वतः लिहावे, अशी योजना होती.